खेळाचा मोबाईल आणि गावाचा पैसा

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेले भाषण)



मे महिन्याची पहाट. गावातील बाया-माणसे उजाडण्यापूर्वीच तेंदूपानासाठी जंगलात गेलेली असतात. दुपारपर्यंत पाने आणावयाची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि सायंकाळी ते फळीवर नेऊन द्यावयाचे, हा हंगामातील नित्यक्रम. शाळांना सुट्टी असते. घरी राहिलेल्या मुलाच्या हाती घरातील एकुलता एक मोबाईल असतो आणि त्यावर लढाईचा एक खेळ चालू असतो. खेळात तो वारंवार हरतो. मग एखादा मोठा मुलगा त्याला सांगतो, ‘ही फाईल टाक, मग तुला कोणी हरवू शकणार नाही.’ फाईल टाकली जाते. तिच्यासोबत एक लहानसे ॲपही येते. ते ॲप जी जी परवानगी मागते, ती ती दिली जाते.

हे चित्र कोणा एका गावाचे नाही. जेथे जेथे मोबाईल आणि मुले एकत्र आहेत तेथे ते संभवते. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याला एक निराळा अर्थ आहे. ज्या मोबाईलवर मुलगा खेळतो, त्याच मोबाईलवर तेंदूपानाच्या मजुरीचा संदेश यावयाचा असतो. रोजगार हमीची मजुरी, शेतकरी सन्मान निधीचा हप्ता, थोरल्या बहिणीची शिष्यवृत्ती, आईच्या खात्यातील बचत, या साऱ्यांची किल्ली त्याच एका क्रमांकात असते. आणि घरातील कर्ता माणूस ग्रामसभेच्या खात्यावर सही करणारा असेल, तर साऱ्या गावाच्या खात्याचा गुप्त संकेतांक, म्हणजे ओटीपी, त्याच मोबाईलवर येतो. वरवर पाहता हा पोरखेळातील लबाडीचा प्रश्न वाटतो. परंतु पणाला लागलेला असतो तो घराचा आणि गावाचा पैसा.

खेळाचे दोन भाग

मोबाईलवरील मोठा खेळ साधारणतः दोन भागांत येतो. पहिला भाग म्हणजे खेळ बसविणारे मूळ पाकीट. त्यास एपीके म्हणतात. दुसरा भाग म्हणजे खेळातील चित्रे, आवाज, नकाशे, शस्त्रे आणि रंगरूप यांचा साठा. त्यास डेटा फाईल म्हणतात. अँड्रॉइड मोबाईलमध्ये हा साठा पुष्कळदा ‘ओबीबी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला असे, म्हणून मुले त्यास सरसकट ओबीबी फाईल म्हणतात. नव्या खेळांसाठी गूगलने ऑगस्ट २०२१ पासून निराळी व्यवस्था लागू केली. परंतु नाव मात्र मुलांच्या तोंडी रूढ होऊन बसले आहे.

या दोन भागांतील फरक या भागातील लोकांना लाकडाच्या उदाहरणावरून सहज कळेल. आलापल्लीच्या जंगलातील सागवान बल्लारपूरच्या आगारात येते तेव्हा त्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो आणि गाडीसोबत वाहतूक परवाना असतो. शिक्का नसलेले लाकूड नाक्यावर अडविले जाते. मूळ पाकिटावर असाच एक शिक्का असतो. त्याला अंकीय स्वाक्षरी म्हणतात. खेळ मोबाईलवर एकदा बसला की त्याची पुढील सुधारणा त्याच निर्मात्याच्या शिक्क्याने आलेली आहे किंवा नाही, हे मोबाईल स्वतः तपासतो. डेटा फाईलची गोष्ट मात्र वेगळी. ती गाडीवर ठेवलेल्या गाठोड्यासारखी असते. नाक्यावर लाकडाचा शिक्का पाहिला जातो, गाठोडे सोडून कोणी पाहत नाही. ते तपासण्याचे काम मोबाईलचे नसते. खेळ बनविणाऱ्याने तपासले तर तपासले. लबाडी करणाऱ्यांनी नेमकी हीच फट हेरली.

बदललेल्या फाईलमुळे खेळात काय होते? रणांगणावरील गवत नाहीसे होते आणि लपलेला शत्रू उघडा पडतो. बंदुकीचा धक्का कमी होतो. भिंतीपलीकडील खेळाडू दिसू लागतो. काही ॲप तर नेमही आपोआप धरून देतात. मुलाला वाटते की, आपण फक्त गवत काढले. प्रत्यक्षात त्याने अनोळखी माणसाचे गाठोडे घरात आणून ठेवलेले असते.

ही रीत कशी रुजली

या सवयीचा दोष केवळ मुलांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तिच्यामागे काही कारणे आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण भौगोलिक. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा यांसारख्या तालुक्यांतील आतल्या गावांत मोबाईलचे जाळे उशिरा आले आणि जेथे आले तेथेही ते सर्वत्र सारखे सशक्त नाही. एखादा खेळ एक-दोन गिगाबाइटचा असेल तर तो अशा ठिकाणी सरळ उतरवून घेणे कठीण. त्यापेक्षा ज्याच्याकडे खेळ आहे त्याच्या मोबाईलवरून आपल्या मोबाईलवर घेणे सोपे. अशा रीतीने फाईल हातोहात फिरू लागते. ती प्रथम कोणी बनविली, वाटेत कोणी बदलली, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग राहत नाही.

दुसरे कारण घडामोडींचे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाईल हा अतिशय लोकप्रिय खेळ होता. अधिकृत दुकानातून खेळ गेला, परंतु मुलांच्या मनातून तो गेला नाही. परदेशी आवृत्तीचे एपीके आणि ओबीबी फाईल मिळवून खेळण्याची वाट त्या काळात अनेकांनी धरली. जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाची भारतीय आवृत्ती आली. २८ जुलै २०२२ रोजी तीही अधिकृत दुकानांतून काढण्यात आली आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली. दरम्यान १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायर या खेळावरही बंदी आली होती. या उलथापालथीत ‘दुकानात नसेल तर बाहेरून घ्यावे’ हा धडा एका पिढीने गिरविला. बंदीचा हेतू सुरक्षिततेचा होता. तथापि तिची कारणे आणि आडवाटेचे धोके मुलांच्या भाषेत कोणी समजावून न दिल्याने, एक दार बंद होताच मुले खिडकीतून आत गेली.

फुकटच्या नाण्यांची परीक्षा

या खेळांत एक आभासी नाणे असते. कोठे त्याला यूसी म्हणतात, कोठे डायमंड. ते खऱ्या पैशाने विकत घ्यावे लागते आणि त्यातून पोशाख, शस्त्रांचे रंग इत्यादी वस्तू मिळतात. ‘ही फाईल टाका आणि हवी तितकी नाणी मिळवा’ हे आमिष सर्वांत अधिक चालते. म्हणून येथे एक साधी परीक्षा प्रत्येक शिक्षकाने मुलांना शिकवावी.

बँकेतील शिल्लक पासबुकात लिहिलेली असते, पण पैसा पासबुकात नसतो. कोणी पासबुकावर पेनाने एक शून्य वाढविले तर बँक दहापट रक्कम देत नाही. खेळातील नाण्यांचा हिशेबही मुलाच्या मोबाईलमध्ये नसून कंपनीच्या दूरच्या संगणकावर असतो. मोबाईलमधील फाईल बदलून तेथील शिल्लक वाढत नाही. म्हणून अशा ऑनलाईन खेळांत फुकटची नाणी देण्याचे आश्वासन देणारे ॲप उघडपणे खोटे बोलत असते. आणि जे ॲप पहिल्याच वाक्यात खोटे बोलते, त्याला मोबाईलच्या किल्ल्या कशासाठी द्यावयाच्या, हा प्रश्न मुलगा स्वतःलाच विचारू शकतो.

परवानगी म्हणजे किल्ली

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसती चित्राची वा आवाजाची बदललेली फाईल सहसा बँकेतील पैसा चोरू शकत नाही. खरा धोका ती फाईल जागेवर बसवून देणाऱ्या ॲपपासून असतो आणि त्या ॲपला दिलेल्या परवानग्यांपासून असतो. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून एका ॲपला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये हात घालणे अवघड करण्यात आले. त्यामुळे फाईल बदलू पाहणारे ॲप आता अधिकाधिक मोठ्या परवानग्या मागते. त्यांचा अर्थ पालकांना माहीत असणे अगत्याचे आहे.

‘अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू द्या’ ही पहिली मागणी. ती मान्य करणे म्हणजे नाका उठविणे. ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ ही दुसरी. ती मान्य करणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठविणे. ‘सर्व फाईल पाहू द्या’ म्हटल्यावर छायाचित्रे, आधारची प्रत, पासबुकाचे चित्र, सारे उघडे होते. ‘संदेश वाचू द्या’ म्हटल्यावर ओटीपी परस्पर वाचला जातो. ‘इतर ॲपवर दिसू द्या’ म्हटल्यावर बँकेच्या पडद्यावर खोटा पडदा उभा करता येतो.

या सर्वांहून मोठी परवानगी ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाची आहे. ती मुळात अंध व अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी केलेली आहे. ती ज्याला मिळते तो पडद्यावरील अक्षरे वाचू शकतो आणि माणसाच्या वतीने बटणेही दाबू शकतो. आपोआप नेम धरून देणारे ॲप ही परवानगी मागते तेव्हा मुलाला ते स्वाभाविक वाटते. परंतु जो हात बंदुकीचा नेम धरू शकतो, तोच हात पैसे पाठविण्याचे बटणही दाबू शकतो. २०२२ मधील अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीने बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी मिळू नये असा अडसर घातला. लबाडीचे ॲप विकणारे तो अडसर कसा काढावा, हेच आपल्या चित्रफितीतून शिकवितात. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने अशा धोकादायक परवानग्या मागणारी बाहेरची ॲप भारतात आपोआप अडविण्याचा प्रयोग जाहीर केला. पहारा असा वाढत आहे. पण घरातल्याच माणसाने आतून कडी काढून दिली तर पहाऱ्याचा उपयोग होत नाही.

फाईल पुष्कळदा कुलूपबंद पेटीत, म्हणजे पासवर्ड असलेल्या झिप फाईलमध्ये दिली जाते. मुलाला वाटते, ही गुप्त आणि मौल्यवान वस्तू आहे. प्रत्यक्षात कुलपामुळे विषाणू तपासणाऱ्या प्रणालीला आत पाहता येत नाही.

घडलेली उदाहरणे

हे सारे केवळ तर्काचे नाही. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा खेळ काही मोजक्या देशांत प्रसिद्ध झाला. इतर देशांतील उतावीळ खेळाडू बाहेरून फाईल आणून तो खेळू लागले. तीन दिवसांच्या आत त्या खेळाची एक बदललेली प्रत सुरक्षा संशोधकांच्या हाती लागली. तिच्यात ड्रॉइडजॅक नावाचे, दुरून मोबाईलचा ताबा घेणारे साधन दडविलेले होते. खेळ मात्र अगदी खऱ्यासारखाच दिसत असे. भारतात हा खेळ अधिकृतपणे आला तो डिसेंबर २०१६ मध्ये.

ऑगस्ट २०१८ मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या निर्मात्यांनी आपला खेळ गूगलच्या दुकानाबाहेरून देण्यास आरंभ केला. त्यांचे बसविणारे ॲप अस्सल होते. तरीही उतरवून घेतलेली फाईल वाटेत दुसऱ्या ॲपला बदलून टाकता येईल असा दोष त्यात सापडला. निर्मात्यांनी तो एक-दोन दिवसांत दुरुस्त केला. मोठ्या आणि प्रामाणिक कंपनीच्या हातूनही जी चूक राहू शकते, ती अनामिक माणसाने बनविलेल्या ॲपमध्ये राहणार नाही, असे कोण म्हणेल?

लबाडीची ॲप म्हणजे एखाद्या हुशार मुलाची गंमत, असाही एक समज आहे. मार्च २०२१ मध्ये चीनमधील कुनशान येथील पोलिसांच्या कारवाईची बातमी जगभर प्रसिद्ध झाली. खेळातील लबाडीची साधने विकणाऱ्या टोळीतील दहा जणांना अटक झाली आणि सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरची मालमत्ता जप्त करण्यात आली. ही साधने दिवसाला सुमारे दहा डॉलर किंवा महिन्याला दोनशे डॉलर या दराने विकली जात होती. हा जगभर पसरलेला व्यापार आहे. जेथे असे साधन ‘फुकट’ मिळते, तेथे किंमत अन्य मार्गाने वसूल होण्याची शक्यता गृहीत धरावी, हेच शहाणपणाचे.

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक जवळचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाची निमंत्रणपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती. ती एपीके फाईल होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. कधी लग्नपत्रिका, कधी वाहनाचे चलान, कधी शेतकरी सन्मान निधीचा अर्ज, अशा अनेक वेषांत ही फाईल येते. खेळातील लबाडीची फाईल हा त्याच बहुरूप्याचा मुलांसाठी घेतलेला वेष आहे. शिकलेला, नोकरी करणारा माणूस फसत असेल, तर सातवीतल्या मुलाला दोष देताना हात आखडता घ्यावा लागतो.

पैशाचे नुकसान झाले नाही, तरी आणखी एक नुकसान ठरलेले असते. लबाडी पकडली गेली की खेळाचे खाते बंद होते. पबजी व तिच्या भारतीय आवृत्तीत ही बंदी दहा वर्षांपर्यंतची असू शकते आणि कित्येकदा तो मोबाईलच बंदीखाली येतो. घरातील धाकट्या भावाने काही केलेले नसले, तरी त्याच मोबाईलवर त्यालाही खेळता येत नाही.

गावाचे खाते

आता गावाकडे वळले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने या जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव त्यात अग्रणी. २७ एप्रिल २०११ रोजी या गावाला बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला आणि देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदू व बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. पेसा गावांना २०१५ पासून अबंध निधीही मिळू लागला. पूर्वी ठेकेदाराच्या वहीत राहणारा पैसा गावाच्या खात्यात येऊ लागला, ही साधी घटना नव्हे. त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास, बैठका आणि संघर्ष आहे.

परंतु खाते गावाचे असले तरी त्याला जोडलेला मोबाईल कोणा एका व्यक्तीचा असतो. ती व्यक्ती दिवसभर शेतात वा जंगलात असते. मोबाईल घरी असतो आणि घरी मुले असतात. तिजोरीला दोन सह्यांचे कुलूप असावे आणि किल्ली मात्र अंगणात खेळणाऱ्या पोराच्या हाती असावी, अशी ही स्थिती आहे. यावर उपाय आहे आणि तो महाग नाही.

साधा बटणांचा मोबाईल, ज्यावर केवळ बोलता येते आणि संदेश येतात, त्यावर एपीके बसत नाही. ग्रामसभेच्या खात्याला जोडलेला क्रमांक अशा साध्या मोबाईलमध्येच राहील, तो सही करणाऱ्या सदस्याजवळच राहील आणि त्या खात्यावर मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय घेतली जाणार नाही, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. हाच नियम घरालाही लावता येईल. मुख्य बचतीच्या खात्याचा क्रमांक साध्या मोबाईलमध्ये ठेवावा. मोबाईलवरून देणे-घेणे करावयाचेच असेल, तर त्यासाठी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते असावे. खेळाचा मोबाईल आणि पैशाचा मोबाईल वेगळा, एवढी एक गोष्ट साधली तरी अर्धे काम होईल.

शाळा आणि पंचायत

शिक्षकांचे काम याहून नाजूक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतील एका सोळा वर्षांच्या मुलाने पबजीसाठी आईच्या खात्यातून सुमारे दहा लाख रुपये खर्च केल्याचे उघडकीस आले. रागावणे झाले आणि मुलगा घर सोडून गेला. पोलिसांनी शोध घेऊन त्याला परत आणले. या घटनेत बदललेल्या फाईलचा संबंध नव्हता. पण ती एक गोष्ट शिकवून जाते. भीतीपोटी मूल लपविते, आणि लपविण्यात जितका वेळ जातो तितका चोराचा फायदा होतो. म्हणून ‘असे काही झाले तर प्रथम आम्हाला सांग, मार बसणार नाही’ हे आश्वासन मुलाला आधीच मिळालेले असावे. आश्रमशाळांतील मुले घरापासून दूर असतात. तेथे हे आश्वासन शिक्षकांनी आणि अधीक्षकांनी द्यावयाचे आहे.

शाळेत एक तास यासाठी काढता येईल. विज्ञानाच्या शिक्षकांनी पासबुकाचे उदाहरण देऊन नाण्यांची परीक्षा समजावावी. जेथे मुलांची घरची भाषा गोंडी वा माडिया आहे, तेथे ती त्या भाषेत समजावावी. त्यानंतर मोबाईलच्या सेटिंगमधील तीन जागा प्रत्यक्ष दाखवाव्यात : अनोळखी ॲपची परवानगी बंद आहे काय, प्ले प्रोटेक्ट चालू आहे काय आणि ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत कोणते अनोळखी नाव आहे काय. मुले हे पटकन शिकतात आणि घरी जाऊन आईवडिलांचा मोबाईल तपासून देतात. ज्या मुलाला आपण धोक्याचे कारण समजतो, तोच घराचा राखणदार होऊ शकतो.

पंचायतीने गावातील आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाकडून महिन्यातून एक दिवस अशी तपासणी करवून घ्यावी. बाजाराच्या गावी मेमरी कार्डवर गाणी, चित्रपट आणि खेळ भरून देणारी दुकाने असतील, तर त्यांच्याशी सामोपचाराने बोलावे. आणि दिवाळीनंतर देसाईगंज-वडशाकडील नाटक मंडळ्या गावोगावी निघतात, तेव्हा झाडीपट्टीच्या रंगमंचावरून फुकटच्या नाण्यांचा एखादा प्रवेश रंगला, तर दहा परिपत्रकांचे काम एका रात्रीत होईल.

पहिला तास

सावधगिरी बाळगूनही घात झालाच, तर पहिला तास महत्त्वाचा. प्रथम मोबाईलचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या मोबाईलवरून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवावे आणि बँकेला सांगून खाते गोठवून घ्यावे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही नोंदविता येते. पोलीस ठाण्यातही देता येते. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळविला जात असतो. वेळेवर खबर मिळाली तर तो वाटेत अडविता येतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. म्हणून कळविल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. त्यानंतर संशयित ॲपच्या परवानग्या काढून ते नष्ट करावे. शंका राहिल्यास आवश्यक छायाचित्रे सुरक्षित ठेवून मोबाईल मूळ स्थितीत आणावा आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत.

कायद्याची भीती कोणाला दाखवावयाची, हेही स्पष्ट असावे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात घातक आज्ञावली घालणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे कलम ६६-क खाली आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे कलम ६६-ड खाली येते. हा कायदा फसविणाऱ्यासाठी आहे. फसलेले मूल आरोपी नव्हे, ते पीडित आहे, आणि त्याला पोलीस ठाण्याचा धाक घालणे म्हणजे पुढच्या वेळी त्याने गप्प राहावे अशी व्यवस्था करणे होय.

बंधुभगिनींनो, मेंढा-लेखाच्या ग्रामसभेची एक रीत सर्वश्रुत आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाहीत. विषयाचा अभ्यास होतो, सर्वांना पटेपर्यंत चर्चा होते आणि मग सर्वसहमतीने ठरते. एकेकाळी कागद वाचल्यावाचून अंगठा उठविल्याने जंगलातील माणसाचे पुष्कळ गेले. म्हणून वाचल्यावाचून, समजल्यावाचून अंगठा द्यावयाचा नाही, हे या भागाने मोठी किंमत देऊन शिकून घेतले. आज अंगठा कागदावर उमटत नाही, तो मोबाईलच्या काचेवर ‘परवानगी द्या’ या शब्दांवर पडतो. अंगठा मात्र तोच आहे, आणि आता तो बारा वर्षांच्या मुलाचा आहे. जे शहाणपण गावाने बांबूच्या आणि तेंदूच्या व्यवहारात मिळविले, ते त्या मुलापर्यंत पोहोचविणे हे शिक्षकांचे, अधिकाऱ्यांचे आणि पंचायतीचे काम आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत साध्या मोबाईलचा तो एक ठराव आला, तरी आजच्या बोलण्याचे सार्थक होईल.